आमच्या घरचं लग्न

“नाही म्हणजे नाही, मावशी. हे लग्न मी लावणार नाही.”

पाळक परीक्षित साळवे बोलून मोकळा झाला, पण समोरची बाई ढिम्म हलली नाही. उलट शोभनामावशी खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या.

“आमच्या घरचं लग्न आहे,” त्या म्हणाल्या. “दोघी बायका आहेत. दोघींचा बाप्तिस्मा झालाय, दोघी दर रविवारी याच चर्चमध्ये येतात. मग दुसरीकडे का जायचं?”

“कोर्टात जा. तिथं कुणी अडवणार नाही. कायदा तुमच्या बाजूनं आहे.”

“आणि तुझ्या?”

“माझ्याही आहे. पाळकाच्या श्रद्धेत बसत नसेल तर त्यानं लग्न लावू नये. टेक्सासमध्ये तसा कायदाच आहे. कुणी जबरदस्ती करू शकत नाही.”

“जबरदस्ती कोण करतंय? मी विचारतेय.”

परीक्षितला एसीतही घाम फुटला. शुगर लँड शहरातल्या या छोट्याशा मराठी मंडळीत शोभनामावशींचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. रिटायर्ड नर्स. कुणाचं बाळंतपण असो की मयत, पदर खोचून हजर. नवरा गेल्यावर त्यांच्या सोबतीला राहायला आलेल्या दीपामावशीही तशाच. शेजारप्रीती कशी असावी हे या दोघींकडून शिका, असं त्यानं एकदा उपदेशात सांगितलंही होतं. आणि अशा घरात हे असलं काही निघावं! सगळी त्या अनयाची संगत. शोभनामावशींची लेक सिया आणि ती, उपासनेला कायम एका बाकावर, खुसुखुसु हसत.

“निदान नावं तरी विचार,” मावशी म्हणाल्या.

“कशाला? सगळ्या मंडळीला दिसतंय.”

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. “खरंच दिसतंय?”

“मी काय आंधळा आहे? हे बघा, आजकालच्या पोरींचं चार दिवसांचं खूळ असतं. जरा थांबा. उतरेल.”

“पोरी!” मावशी फस्सकन हसल्या. “बरं वाटलं हो ऐकून. पण आता कसलं थांबायचं? वय उलटून चाललंय.”

सियाची तिशी उलटली होती. तेही खरंच म्हणा, परीक्षितच्या मनात आलं.

“दीपामावशींना तरी पटतंय का हे? त्या आत का नाही आल्या?”

“गाडीत बसलीय. म्हणाली, परीक्षितच्या तोंडून ‘नाही’ ऐकवणार नाही मला.” मावशी उठल्या. “ती रडूबाई आहे, मी नाही. तुझी वेदी ठेव तुझ्यापाशी. पण लग्न याच मंडळीच्या देखत होणार. ज्यांच्यासाठी जन्मभर राबलो, त्यांनी एकदा डोळे उघडून बघू दे आमच्याकडे.”

“चर्चच्या आवारात मी होऊ देणार नाही, सांगून ठेवतो.”

“आवार तुझं. फुटपाथ सरकारचा.”

आणि बाई खरंच बोलल्याप्रमाणे वागली. रविवारी उपासनेला दोन्ही मावश्यांच्या जागा रिकाम्या होत्या. उपासना संपल्यावर दार उघडलं तर रस्त्यापलीकडे, भर उन्हात, फुटपाथवर फुलांची कमान! खाली दुसऱ्या चर्चच्या पाळकबाई बायबल घेऊन उभ्या. मंडळी पायऱ्यांवरच थबकली. कुणी घरी जाईना, कुणी पलीकडेही जाईना.

परीक्षित तरातरा रस्ता ओलांडून गेला. अनया मोबाइलवर शूटिंग करत होती, तीही फाटक्या जीन्समध्ये. स्वतःच्या लग्नात! त्याला चीडच आली. सिया गाडीपाशी छत्रीशी झटापट करत होती.

“सिया, अजून वेळ गेलेली नाही. नीट विचार कर.”

“मी? मी फक्त छत्री होल्ड करणार आहे, पास्टर,” सिया म्हणाली, आणि गाडीतून पांढऱ्या साड्यांत, हातात हात घालून उतरलेल्या आईच्या आणि दीपामावशीच्या डोक्यावर तिनं ती उघडली.