डॉक्टरांचं निदान

डॉक्टर ‘दुरुस्त करा’वर क्लिक करणार, तेवढ्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीने माऊस ओढून घेतला.

समोर बसलेला फोटोग्राफर दचकला. त्याच्या डिस्कवर एका लग्नाचे सगळे फोटो होते आणि ते उतरवून घेतानाच वीज गेली होती. आता पडदा सांगत होता की डिस्क बिघडली आहे, दुरुस्तीत बऱ्याच फाइल्स काढून टाकाव्या लागतील. डॉक्टर म्हणजे काही औषधं देणारे नव्हेत. डिस्क तपासून दुरुस्त करणारा हा प्रोग्राम त्यांनी लिहिला, म्हणून ऑफिसने बहाल केलेली ती पदवी. त्यांच्या प्रोग्रामच्या हातून आजवर एकही बिघाड सुटला नव्हता. हे ते येताजाता ऐकवत.

सुटला नाही, हे तिला मान्यच होतं. पण ही डिस्क मुळात बिघडलेलीच नाही, असं तिचं म्हणणं. कुठलंही काम करण्याआधी डिस्क ते स्वतःशी टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर त्या टिपणावरून राहिलेलं काम पुरं करता येतं. प्रोग्राम मात्र ते पुरं होऊ न देताच तपासायला बसत होता.

“माझ्या प्रोग्रामला शिकवायला निघालीस होय गं?” डॉक्टर हसले, पण कपाळावरची आठी तशीच होती.

“अंघोळ अर्धी झालेलं पोर साबणाने माखलेलं असतं, डॉक्टर. त्याला कोणी मळलेलं म्हणत नाही. आधी पाणी ओता, मग बघा.”

फोटोग्राफरला हसू आवरेना. डॉक्टरांनी खुर्ची सोडली.

तिने आधी डिस्कची नक्कल काढून घेतली. मग प्रोग्राममधला क्रम फिरवला: राहिलेलं काम पहिल्यांदा, तपासणी नंतर. नकलेवर चालवून पाहिलं. बिघाड शून्य. नवरा, नवरी, कोपऱ्यात रुसून बसलेली आत्या, सगळे जागच्या जागी. डॉक्टरांचं तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी मुद्दाम नासवलेली एक डिस्क तिच्यापुढे सरकवली. तिच्यातला बिघाड प्रोग्रामने बरोबर हुडकून काढला.

फोटोग्राफर आभार मानत गेला. डॉक्टर आपल्या जागेवर जाऊन बसले. आता चार शब्द ऐकावे लागणार, म्हणून तीही पदर खोचून तयार होती. पण ते उठले ते कपाटाकडे गेले आणि तळातून एक जुनी डिस्क घेऊन आले. हिच्यावर ते ‘दुरुस्त करा’चं बटण दाबायचा मला कधी धीर झाला नाही, म्हणाले.

तिने ती जोडली. राहिलेलं काम पुरं झालं, तपासणी झाली. बिघाड शून्य. ती फोल्डर उघडणार, तोच त्यांनी तिचा हात धरला.

“उघडू नकोस. आधी लेकीला फोन करू दे. लहानपणी तिनं वायर ओढली आणि तिच्या आईचे सगळे फोटो गेले, असं मी तिला आजवर ऐकवत आलोय.”