जनावर म्हणून नोंद

"वहिनी, मालाच्या यादीत माणूस नाही हो," भुसावळच्या मालडेपोतले तडवी साहेब म्हणाले. "कांदा आहे, सिमेंट आहे, जनावर आहे."

"मग जनावर लिहा, पण दार उघडा!" रत्नप्रभा ओरडली.

माल रचून झाला की हमाल कंटेनरमध्येच घटकाभर पाठ टेकतात, तशी तिच्या नवऱ्याने, देविदासने टेकली होती. स्वतःचा मार्ग स्वतःच ठरवणाऱ्या त्या स्वयंचलित कंटेनरने आपणच दार लावलं आणि स्वस्त पडतं म्हणून ट्रकवरून उतरून मालगाडी पकडली. आता त्याला थांबवायचा अधिकार फक्त मालाच्या मालकाला होता. आत वीस मिनिटांची हवा उरली होती, आणि फोनवर देविदासचा आवाज जड होत चालला होता.

तडवींनी संगणकावर 'जनावर' लिहिलं.

"मालक कोण?" संगणकातून कंटेनरने नम्रपणे विचारलं.

"मी. त्याची बायको."

"विकत घेतल्याची पावती दाखवा."

रत्नप्रभाने मोबाइल चाळला आणि वडिलांनी लग्नात घेतलेल्या मोटारसायकलची पावती संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही मिळाल्याशिवाय तो बोहल्यावर चढला नव्हता," ती रडत म्हणाली.

"व्यवहार मान्य आहे," कंटेनर म्हणाला, आणि तिकडे मालगाडीला ब्रेक लागले.