मोरीतला पाहुणा

संरक्षण कायदा आल्यापासून एकही सोनबेडूक माणसाच्या हातून मेला नाही, असं सरकारी आकडे सांगत होते. ते पडताळायला पाहणी अधिकारी सुनेत्रा वर्तक भागी गावड्यांच्या स्वयंपाकघरात बसली होती. घरात सोनबेडूक छतावरच्या फिरत्या कॅमेऱ्याला दिसला की दारंखिडक्या बंद होत, आणि तो मोरीतून आपणहून जाईपर्यंत माणसंही आतच. भागीबाई अख्खा पावसाळा अशा कोंडून पडल्या होत्या. दार कालच उघडलं होतं.

“गावात दुसऱ्या कुणाकडे कसा निघत नाही?” सुनेत्राने विचारलं.

“निघतो की, बाई! कॅमेरा वळायच्या आत आधण ओततात. मलाच मेलीला दया आली.”

तेवढ्यात मोरीतून टुणकन उडी मारून एक सोनबेडूक सुनेत्राच्या पायाशी येऊन बसला. नखाएवढा जीव, गळा धडधडत होता. कॅमेरा सावकाश त्या कोपऱ्याकडे वळू लागला. घरी तिची तान्ही लेक दुधासाठी ताटकळली असेल.

चुलीवर चहाचं आधण उकळत होतं. भागीबाईंनी सांडशी पुढे केली.

सुनेत्राने ती घेतली.