मार्सोचे गुडघे

फर्नांद वाटाण्याचं सूप वाढत होती आणि तिचा नवरा रेजां शेजारच्या गॅस्पारशी भांडत होता. महिन्यापूर्वी गावच्या आइस हॉकी संघाने आपला म्हातारा गोलकीपर मार्सो पलीकडच्या गावाला देऊन त्यांचा तरणा पिकार घेतला होता.

“सौदा फसला, कबूल कर,” गॅस्पार म्हणाला.

“मार्सोचे गुडघे गेलेत रे! तरी तिकडे एक चकती गोलात जाऊ देत नाही. अन् आपला हा घोडा, ह्याच्या तंगड्यांतून आख्खं गाव जाईल. उद्या फायनलला त्यांच्याशीच गाठ, काय तोंड दाखवायचं?” रेजां कुरकुरला.

“मार्सोच्या गुडघ्यांसाठी मी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावते,” फर्नांद हळूच म्हणाली. “तो आपल्याकडे होता तेव्हाचा नवस आहे, ईस्टरपर्यंतचा.”

रेजांचा चमचा सूपातच राहिला. “अगं बाई, मग उद्या पिकारच्या नावाने लाव!”

“संत ॲनला शब्द दिलाय. खेळाडू तुम्ही बदललात, मी नाही.”

सकाळी ती चर्चमध्ये गेली, तर मेणबत्ती लावायला जागाच उरली नव्हती. तीस वर्षं विनवूनही जो चर्चची पायरी चढला नव्हता, तो रेजां पहिल्या बाकापाशी गुडघे टेकून बसला होता. शेजारी गॅस्पार.

फर्नांदने आपली मेणबत्ती कशीबशी कडेला लावली. सौदा काही वाईट झाला नव्हता.