फलाटावरची रांगोळी

दसरा तोंडावर आलेला, भुयारी मेट्रोचा फलाट माणसांनी फुगलेला, आणि तरी वीणाच्या टोकाला एकही माणूस पिवळ्या पट्टीपाशी फिरकत नव्हता. दयानंदच्या टोकाला मात्र सगळे पट्टीवर उभे राहून, माना लांब करून बोगद्यात गाडी शोधत होते.

दोघंही गार्ड. दयानंद निपाणीकडचा, नोकरीत जुना. वीणा इथेच, बेंगळुरूत पिढ्यान्पिढ्या मुरलेल्या मराठी घरातली, आत्ता कुठे लागलेली. दोघांतल्या कोणाला हेड गार्ड करायचं ते आज ठरणार होतं, आणि सुपरवायझर सुब्बाराव जिन्यापाशी उभे राहून दोन्ही टोकं न्याहाळत होते.

वीणानं फार काही केलं नव्हतं. पहाटे पट्टीच्या अलीकडे रांगोळीची लांबलचक वेल काढली होती, सणाची म्हणून. ज्यांना शिट्टी, दंडाची धमकी आणि तीन भाषांतल्या सूचना ऐकू येत नव्हत्या, ते रांगोळी दिसताच पाय आवरून घेत होते. कानात गाणी खुपसलेली पोरंसुद्धा.

दयानंदच्या पोटात दुखू लागलं. लोकांचा जीव वाचतोय याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो हिच्या टोकाला वाचतोय, एवढंच.

"साहेब," तो सुब्बारावांना म्हणाला, "रांगोळीवरून पाय घसरतो. आणि नियमात पट्टी फक्त पिवळी आहे."

सुब्बारावांनी सुस्कारा सोडला. नियम कोणीतरी वाचलाय म्हटल्यावर त्यांचा नाइलाज होता. "सरी, ठीक आहे. पुसा मग. तुम्हीच पुसा."

दयानंद ओला मॉप घेऊन निघाला.

"अण्णा, गाडी जाऊ द्या, मग पुसा की," वीणा म्हणाली.

"मला शिकवू नकोस. साहेबांचा हुकूम आहे."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या भागीरथीबाईंनी पिशवी खाली ठेवली. "सणाची रांगोळी पुसतोस होय रे? घरी बायकोनं काढलेलीवरही असाच बोळा फिरवतोस काय?" मागे दोघं-तिघं हसले. "आणि पाय नको हं देऊ तिच्यावर!"

पाय द्यायचा त्याचाही विचार नव्हता. आईनं तसं वळणच लावलं नव्हतं. पुसणं हा हुकूम होता, तुडवणं हे पाप. अलीकडे माणसांची भिंत. म्हणून तो वळसा घालून वेलीच्या पलीकडे गेला आणि रुळांकडे पाठ करून मॉप आपल्याकडे ओढू लागला. प्रत्येक ओढीला पाऊलभर मागे.

बोगद्यातून वारा आला. गर्दी ओरडली. गर्दी त्याच्यावर रोजच ओरडायची, त्यानं वर पाहिलं नाही. टाच हवेत गेली.

वीणा रांगोळीवरून सरळ धावत आली आणि कमरेच्या पट्ट्याला धरून तिनं त्याला आत खेचलं. दोघंही फरशीवर आपटले. त्यांच्यामागून गाडी धडधडत आत शिरली.

सुब्बाराव धापा टाकत पोचले. "दयानंद! लागलं काय कुठं?"

दयानंदनं खरचटलेलं कोपर पाहिलं. पट्ट्याला अजून धरून असलेला वीणाचा हात पाहिला. मग वेलीच्या मधोमध उमटलेल्या तिच्या बुटाच्या ठशावर बोट ठेवलं.

"साहेब, बघून ठेवा. पहिला पाय हिचा पडलाय."