चारची गाडी

दुसरा चहा निम्मा झाला होता, तेवढ्यात बसस्टँडच्या फाटकातून वडील आत येताना दिसले. तो बाकावरून अर्धवट उठला.

पळायला जागा नव्हती. पाठीमागे भिंत, समोरून वडील. स्टँडच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. आणि त्याची गाडी, निदान घरी सांगितलेली, चारची होती.

चारला मुळात गाडीच नव्हती. होती ती सहाची. चारची गाडी त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच सुरू केली होती. महिन्यातून एकदा शनिवारी घरी यायचं, आईच्या हातचं पोटभर जेवायचं, आणि रविवारी साडेतीन वाजले की ‘चला, गाडी चुकेल’ म्हणून पिशवी उचलायची. आईवडिलांवर राग नव्हता. पण तेच ते प्रश्न, शेजाऱ्यांची तीच ती दुखणी, आणि तो जेवत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसणारी आई. दीड दिवसात तो अगदी मेटाकुटीला यायचा. मग स्टँडवर खांबाआडचा बाक, चहा आणि मोबाइल. दोन तास कोणी काही विचारत नाही. यात कोणाचं काय बिघडत होतं?

वडील घड्याळजी. रस्त्यापलीकडे त्यांचं दुकान होतं, पण रविवारी ते बंद असे, म्हणून तीही धास्ती नव्हती. उभा जन्म भिंग डोळ्याला लावून लोकांची घड्याळं लावणारा माणूस, आणि आपण त्याला दोन तासांनी मागे ठेवतो, याची त्याला आतून गंमतही वाटायची. आता त्या गमतीची लाज वाटून त्याचे कान तापले.

वडील घाईत नव्हते. इकडेतिकडे शोधतही नव्हते. खांबाला वळसा घालून सरळ त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. हातात डबा होता.

“ओट्यावरच विसरलास.”

“बाबा, ते... गाडी लेट आहे आज.”

बोलला आणि त्याने जीभ चावली. पन्नास मिनिटांपूर्वी सुटलेल्या गाडीला डबा पोचवायला कोण येतं?

“असेल. होते कधीकधी,” वडील म्हणाले आणि शेजारी टेकले.

त्यांनी चार शब्द सुनावावेत, म्हणजे आपण सुटलो, असं त्याला झालं. पण खिशातून रुमाल काढून त्यांनी डब्याचं झाकण उगाचच पुसलं.

“केव्हाचा आणून ठेवलाय,” ते म्हणाले. “यावं की नाही, कळेना. पण तू उपाशीपोटी दुसरा चहा घेतलास, तेव्हा म्हटलं, नेऊन द्यावा.”

दुसरा चहा? त्याने चमकून वर पाहिलं. वडिलांच्या उजव्या डोळ्याभोवती भिंगाची गोल लाल खूण होती, अगदी ताजी.

मग त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. दोन वर्षांत त्याने तिकडे एकदाही मान वळवली नव्हती, बंद दुकानाकडे कोण कशाला बघेल? दुकान उघडं होतं. काचेमागे टेबलावरचा दिवा जळत होता.

त्याला रडू फुटेल असं वाटलं. हातातला कप खाली ठेवायचंही सुचेना.

“रविवारी दुकान बंद असतं ना?” त्याने कसंबसं विचारलं.

“तू घरी असतोस तोवर बंदच असतं.” चोरी पकडली गेल्यासारखी वडिलांनी मान खाली घातली. “आईला बोलू नकोस. टेबल जरा सरकवून घेतलंय मी. तिथून खांब आड येत नाही.”