जातो म्हणू नये

"सांगाल तिथं सही करते," गुरवबाई म्हणाल्या, "पण या माणसाबरोबर आता एक दिवसही काढायचा नाही मला. निवृत्त झाल्यापासून हा माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजतो."

"कुणीतरी मोजायला नकोत? रोज डाळ करपते," गुरव म्हणाले.

कुटुंब न्यायालयाचे समुपदेशक निमकर यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दडपलेला राग, दुखावलेला अहंकार, बालपणीच्या जखमा असं करत त्यांनी आजवरच्या बैठकांत मानसशास्त्राचं अख्खं कपाट रिकामं केलं होतं. नवराबायकोंनी ते हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकून घेतलं होतं. आता 'समेट अशक्य' असा शेरा मारावा आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच निमकरांची इच्छा उरली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गुरव ताडकन उठले. "लिहून टाका, साहेब. मी जातो!"

"जातो काय?" बाई खेकसल्या. "काय हे अभद्र बोलणं! येतो म्हणावं माणसानं. बाहेर ट्रक कसे धावताहेत, बघितलंत ना?"

गुरव दारातच थबकले आणि खाली मान घालून पुटपुटले, "येतो."

"हं. सावकाश या."

मग बाईंना आपण काय बोललो ते कळलं आणि त्या पदराशी चाळा करू लागल्या. निमकरांनी टोपण परत लावलं. "पुढची बैठक मंगळवारी दहाला ठेवू?"

"अकराला ठेवा," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "यांचं दहापर्यंत आवरत नाही."